धावत्या-खेळत्या मुलांचे बूट: ‘पर्यावरणस्नेही’ म्हणताना नेमके काय पाहावे?

अबोली

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती मैदानावर, झाडावर नाहीतर सायकलवर असते. सायकल थांबवताना ब्रेक दाबण्याऐवजी ती उजवा पाय जमिनीला घासत नेते, त्यामुळे उजव्या बुटाचा चवडा सर्वांत आधी जातो. चवडा टिकला तर सोल सुटतो, आणि दोन्ही टिकले तर तोवर पायच वाढलेला असतो. वर्षभरात बुटांचे कित्येक जोड घरातून बाहेर पडतात आणि ते पुढे कुठे जातात याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी स्पष्टच सांगितले की पुठ्ठा, बाटल्या, पत्रा यांना भंगारात भाव मिळतो, फाटक्या बुटाला मात्र कोणी हात लावत नाही.

या विषयावर वाचताना एक अभ्यास हाती लागला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये धावण्याच्या बुटांचा एक नेहमीचा जोड कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत तपासला. त्या एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते आणि त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक कारखान्यातल्या निर्मितीत होते, असे त्यांना आढळले. त्या जोडात ६५ सुटे भाग होते आणि ते तयार करून एकत्र आणायला ३६० हून अधिक टप्पे लागत होते. लहान मुलांचा बूट आकाराने लहान असला तरी त्याची घडण साधारण अशीच असते. यावरून माझी अशी समजूत झाली आहे की, बूट कशाचा बनवला आहे याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, तो किती महिने आणि किती मुलांच्या पायांत राहतो याला महत्त्व आहे.

तरीही दुकानात गेल्यावर गोंधळ होतोच. एका खोक्यावर ‘इको’, दुसऱ्यावर ‘ग्रीन’, तिसऱ्यावर ‘व्हीगन लेदर’ असे लिहिलेले असते. विक्रेत्याला विचारावे तर तो वाढत्या मापाचे घ्या म्हणतो. या शब्दांमागे काय असते, माप किती मोठे घ्यावे आणि एकदा घेतलेला जोड अधिकाधिक कसा टिकवावा, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

रसायनशाळा

अबोली ताई, रबर आणि प्लास्टिकच्या उद्योगात बरीच वर्षे काम केले असल्यामुळे सोलबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बुटाचे आयुष्य बहुतेक वेळा तिथेच ठरते.

मुलांच्या बुटांत मुख्यतः पाच प्रकारचे सोल दिसतात. पीव्हीसीचा सोल जड आणि गुळगुळीत असतो, नव्या खोक्यातून उग्र वास येतो आणि थंडीत तो कडक पडतो. पीव्हीसी मऊ करण्यासाठी जी रसायने मिसळतात त्यांत थॅलेट गटातली काही रसायने असू शकतात. लहान मुलांच्या वस्तूंत त्यांच्या वापरावर अनेक देशांनी मर्यादा घातल्या आहेत, म्हणून मी स्वतः मुलांसाठी पीव्हीसी टाळतो. ईव्हीए म्हणजे तो अगदी हलका, फोमसारखा सोल. त्यात नख रोवले तर खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. तो पायाला सुखाचा असतो, पण डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो आणि दबून चपटा होतो. शिवाय बुटांसाठी वापरला जाणारा बराचसा ईव्हीए फोम प्रक्रियेत असा बांधला जातो की तो पुन्हा सहज वितळवता येत नाही. टीपीआर हा रबरासारखा वागणारा प्लास्टिकचा प्रकार मध्यम टिकाऊ असतो. खरे रबर जड असते, पण पकड उत्तम देते आणि घासले तरी सर्वांत जास्त चालते. केरळातून, आणि आता आपल्या दोडामार्गाकडूनही, रबराचा चीक येतो. मात्र खोक्यावर नुसते ‘रबर’ लिहिले असेल तर त्यात नैसर्गिक किती आणि खनिज तेलापासून बनवलेले कृत्रिम किती, हे कळायला मार्ग नसतो.

पाचवा प्रकार पॉलियुरेथेन म्हणजे पीयू. हा दुकानात सर्वांत देखणा दिसतो आणि सुरुवातीला टिकतोही. परंतु पॉलिएस्टर जातीच्या पीयूचे हवेतल्या दमटपणामुळे आतून विघटन होत राहते आणि काही वर्षांनी, न वापरताही, त्याचा अक्षरशः भुगा होतो. धाकट्यासाठी जपून ठेवायचा बूट पीयूच्या सोलचा नसावा.

आता खोक्यावरच्या शब्दांकडे येऊ. ‘व्हीगन लेदर’ म्हणजे प्राण्याचे कातडे नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा ते कापडावर पीयूचा किंवा पीव्हीसीचा थर दिलेले रेक्झिन असते. ‘बाटल्यांपासून बनवलेला’ असे लिहिलेले असते तेव्हा ते अनेकदा फक्त वरच्या कापडाबद्दल असते आणि सोल, गादी, गोंद हे सारे नवेच असते. ‘जैवविघटनशील’ हा दावा सर्वांत सैल आहे. कोणत्या परिस्थितीत आणि किती काळात विघटन होते हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. ग्राहकांच्या हाती आता एक साधन आले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ‘हरित’ किंवा ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द वापरणाऱ्या कंपनीने पुरावा आणि पुरेसा खुलासा दिला पाहिजे. त्यामुळे ‘हा दावा बुटाच्या कोणत्या भागाबद्दल आहे?’ असे कंपनीला लेखी विचारायला अजिबात संकोच करू नये. आयएसआय चिन्ह आता पादत्राणांच्या बऱ्याच प्रकारांना सक्तीचे झाले आहे. ते अवश्य पाहावे, मात्र ते मुख्यतः दर्जा आणि टिकाऊपणा सांगते, पर्यावरणाचे काही सांगत नाही.

पाऊलखुणा

मी भौतिकोपचारतज्ज्ञ असून लहान मुलांबरोबर काम करते. माझ्या दृष्टीने जो बूट मुलाच्या पायाला नीट बसत नाही तो कितीही शुद्ध कच्च्या मालाचा असला तरी वाया गेलेला बूट आहे. बूट चावला की मूल तो घालत नाही, आणि न घातलेल्या बुटासाठी झालेला सगळा खर्च, पैशाचा आणि निसर्गाचाही, फुकट जातो.

तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान पाय सरासरीने महिन्याला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्याआधी त्याहून थोडा वेगाने. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १२ मिलिमीटर मोकळी जागा असलेला बूट घेतला तर तो सहा-सात महिने निर्धास्त चालतो. इंग्लिश मापात दोन नंबरांमधले अंतर सुमारे साडेआठ मिलिमीटर असते आणि युरोपीय मापात पावणेसात मिलिमीटरांच्या आसपास. त्यामुळे वाढत्या मापाचे म्हणून दोन नंबर मोठा जोड घेतला तर १५ मिलिमीटरांच्या आसपास जास्तीची जागा तयार होते. पाय आत सरकतो, मूल बोटे आवळून चालते, अडखळते, आणि मागची कड टाचेखाली दुमडून बूट मापाला येण्याआधीच फाटतो. वाढत्या मापाची हौस इथे बचतीच्या नेमकी उलट जाते.

माप घेण्याची पद्धत अशी आहे. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, मुलाला कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे करावे, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांच्या बाह्यरेषा काढाव्यात आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावे. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे. नंतर त्या लांबीत १२ मिलिमीटर मिळवून तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कापावी आणि ती दुकानात नेऊन बुटात सरकवून पाहावी. पट्टी वाकली तर बूट आखूड आहे. अंगठ्याने वरून दाबून पाहण्यावर विसंबू नये, कारण मुले त्या क्षणी बोटे आत घेतात. आतली गादी निघत असेल तर ती काढून तिच्यावर मुलाला उभे करावे. बोटे गादीच्या कडेबाहेर जात असतील तर तो बूट लांबीला बरोबर असूनही रुंदीला कमी आहे. सोल हाताने वाकवून पाहावा. तो बोटांच्या सांध्यांपाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये.

आणखी एक मुद्दा मला आग्रहाने मांडायचा आहे. मंगळूरच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. बंद बुटांपेक्षा सँडल किंवा चपला वापरणाऱ्यांत ते कमी होते. याचा अर्थ मुलांना सगळीकडे अनवाणी सोडावे असा नाही. उघड्यावर शौच होते अशा जमिनीवर अंकुशकृमी (हूकवर्म) हा जंत पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतो, आणि काचा-खिळ्यांचे भय आहेच. पण घरात, स्वच्छ अंगणात, वाळूत, हिरवळीवर बूट नकोत. तेवढा वेळ पायही घडतो आणि बूटही झिजत नाही.

अबोली

मनापासून आभार. पुठ्ठ्याची पट्टी आजच कापून पाहिली आणि तिचा सध्याचा जोड आखूड झाल्याचे लगेच लक्षात आले. ती एकदाही तक्रार करत नव्हती, हे मला विशेष वाटले.

एक प्रश्न उरतो. माझ्या बहिणीच्या मुलाचे बूट तिला होतील. वापरलेले बूट घालू नयेत, असे काही जण सांगतात. यात तथ्य किती?

पाऊलखुणा

मुले बोलत नाहीत, कारण त्यांची हाडे अजून मऊ असतात आणि दाब त्यांना दुखल्यासारखा जाणवत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी आपणच मोजावे.

वापरलेल्या बुटांना सरसकट नकार देण्याचे कारण मला दिसत नाही. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहावा. टाच एका बाजूला झिजून बूट कलला असेल, किंवा आतल्या गादीवर आधीच्या मुलाच्या बोटांचे खोल खळगे पडले असतील, तर तो घेऊ नये, कारण तो दुसऱ्याच्या चालीला सरावलेला आहे. टाच सरळ आणि गादी सपाट असेल तर नवी गादी घालून, दोन दिवस उन्हे-वारा देऊन, निर्धास्त वापरावा. रोज आठ तास घातल्या जाणाऱ्या शाळेच्या बुटांसाठी मी नवा जोड सुचवेन. समारंभाचे बूट, गमबूट, सँडल हे मात्र मुलांच्या पायांत जेमतेम काही वेळाच जातात, आणि ते नवे घेण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

इसारकाठी

म्युनिकहून लिहीत आहे. इथे मुलांचे माप लांबीबरोबर रुंदीनेही घेण्याची पद्धत आहे. अरुंद, मध्यम आणि रुंद असे तीन प्रकार बुटांवर लिहिलेले असतात आणि १२ मिलिमीटरांचा नियम दुकानातले लोक स्वतःहून सांगतात. पाऊलखुणा ताईंनी वर जे लिहिले ते इथल्या प्रत्येक पालकाला पाठ असते. बालवाडीत बाहेरचे बूट दाराशी काढून लोकरीच्या किंवा कापडी सपाता घालायच्या असतात, त्यामुळे बाहेरचा जोड अर्धा दिवस विश्रांती घेतो. पालकांचे जुन्या वस्तूंचे बाजार वसंतात आणि शरदात भरतात आणि तिथे मुलांचे बूट टेबलेच्या टेबले मांडलेले असतात.

चांगल्या गोष्टींबरोबर एक अस्वस्थ करणारी गोष्टही सांगते. इथल्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकच्या उगमांचा अंदाज मांडला तेव्हा बुटांच्या सोलची झीज दरडोई दरवर्षी सुमारे १०९ ग्रॅम धरली होती. म्हणजे बूट कचऱ्यात जाण्याआधीच त्याचा काही भाग मातीत आणि पाण्यात गेलेला असतो. झीज कमी असलेला सोल निवडणे एवढ्यासाठीही महत्त्वाचे आहे.

प्रमाणपत्रांविषयी माझा अनुभव असा आहे की ती नेमक्या प्रश्नाचे नेमके उत्तर देतात, म्हणून प्रश्न आपल्याला ठाऊक हवा. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे घातक रसायनांची तपासणी झाल्याचे सांगते आणि त्याचा पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तूंसाठी सर्वांत कडक असतो. जीओटीएस हे सेंद्रिय कापसाबद्दल आहे आणि एफएससी रबराच्या झाडांच्या लागवडीबद्दल. यांतले एकही बूट किती टिकेल हे सांगत नाही.

डोंगरशाळा

मी पालघर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वरील चर्चा आवडली, पण तिच्यात एक बाजू यायची राहिली आहे.

आमच्या मुलांइतकी चालणारी मुले शहरात क्वचितच असतील. पाड्यावरून शाळेत येताना ओढा, दगड, शेताचा बांध असे सगळे ओलांडावे लागते. शासनाने २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये ठरवले. निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले, कारण अनवाणी येणाऱ्या मुलाच्या पायात काटा मोडला की त्याची शाळा आठवडाभर बुडते. पण १७० रुपयांत सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रबर बसत नाही. पर्यावरणस्नेही बूट म्हणजे महागडे बूट असेच समीकरण असेल तर ते फार थोड्या मुलांपुरते राहील आणि पर्यावरणालाही त्याचा फार उपयोग होणार नाही.

आम्ही वर्गाबाहेर एक फळी बसवली आहे. ज्याला बूट आखूड झाले तो धुऊन तिथे ठेवतो आणि आपल्या मापाचे घेऊन जातो. फळीवर पावलाची बाह्यरेषा काढलेला कागद चिकटवलेला आहे, त्यावर मुले स्वतःच उभी राहून माप पाहतात. वरच्या वर्गातली मुले खालच्यांना मापे घ्यायला मदत करतात. या व्यवस्थेला पैसा लागत नाही, फक्त बूट लवकर फाटणारे नकोत, आणि तिथेच अडते. फळीवर आलेल्या जोडांपैकी रबरी सोलचे कॅनव्हासचे बूट दुसऱ्या, तिसऱ्या मुलापर्यंत पोहोचतात. रेक्झिनचे काळे बूट घडीवर चिरतात आणि पुढे जातच नाहीत.

शुभ्रा

सर, फळीची कल्पना शहरातल्या गृहसंकुलांतही सहज करता येईल. आमच्याकडे पुस्तकांसाठी अशी फळी आहे, तिथेच खाली बुटांचा कप्पा करण्याचे मी सुचवणार आहे.

पंचगंगा

आमच्या घरात चामड्याचे काम तीन पिढ्यांपासून आहे, म्हणून चामड्याबद्दल लिहितो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. तिचे चामडे हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमावतात. कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात आणि आत हे पाणी भरून ते हळूहळू पाझरू देतात. शिलाई चामड्याच्याच वादीने होते, खिळा लागत नाही. वापरून झाल्यावर ती मातीत मिसळू शकते, हे तिच्याबद्दल खरोखर म्हणता येते.

पण म्हणून धावणाऱ्या मुलासाठी ती योग्य आहे असे मी म्हणणार नाही. फरशीवर तळ घसरतो, टाचेला पट्टा नसतो आणि पावसात ती भिजून फुगते. सणाला, लग्नाला मुलांनी जरूर घालावी. खेळायला मागून पट्टा असलेली, वनस्पतीने कमावलेल्या चामड्याची आणि खाली रबरी सोल शिवलेली सँडल घ्यावी. असा सोल झिजला की बदलता येतो. गावोगावचे कारागीर मोजडी-सँडलीला जुन्या टायरचा तळ लावतात, तो झिजता झिजत नाही, मात्र जड होतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चालेल, चार वर्षांच्या मुलाला नको.

रसायनशाळा

पंचगंगा यांच्या मुद्द्याला जोडून एक सावधगिरीची सूचना. बाजारातले बहुतांश चामडे वनस्पतीने नाही, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते, कारण ते काम महिन्याऐवजी दिवसांत होते. कानपूरच्या जाजमऊ भागात आणि तमिळनाडूतल्या राणीपेटमध्ये या उद्योगाने आणि त्याला लागणाऱ्या रसायनांनी पाण्याचे आणि जमिनीचे काय केले, हे सर्वज्ञात आहे. प्रक्रिया नीट नसेल तर चामड्यात क्रोमियमचे षट्संयुजी (क्रोमियम-६) हे रूप तयार होऊ शकते, आणि ते त्वचेला घातक असते. युरोपीय संघाने मे २०१५ पासून कातडीला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणून नुसते ‘अस्सल चामडे’ या शब्दांवर समाधान मानू नये. मुलाच्या घामेजल्या पायाला लागणारे अस्तर कशाने कमावले आहे हे विचारावे. ज्यांना प्राण्यांचे कातडे नकोच आहे त्यांच्यासाठी माझ्या मते जाड सुती कॅनव्हास हा रेक्झिनपेक्षा कितीतरी सरस पर्याय आहे.

वाशिष्ठी

चिपळूणहून लिहिते आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे वेगळेच ऋतुमान असल्यामुळे वरचे बरेचसे सल्ले तेवढ्या काळापुरते बदलावे लागतात. कॅनव्हास भिजला की वाळत नाही, दुसऱ्या दिवशी आंबूस वास आणि तिसऱ्या दिवशी काळी बुरशी. चामड्याचे तर बोलायलाच नको. पीयूबद्दल जे वर लिहिले आहे त्याचा प्रत्यय इथे प्रत्येक घरात आहे. मोठ्याचे जवळपास नवे बूट कागदात गुंडाळून कपाटात ठेवावेत आणि धाकट्यासाठी काढावेत तर सोल हातातच गळून पडतो. खाली पिवळसर, चिकट चुरा राहतो.

पावसाळ्यासाठी आम्ही मागे पट्टा असलेली एकसंध साच्यातली सँडल वापरतो. तिच्यात कापड नाही, गादी नाही, शिलाई नाही, त्यामुळे कुजण्यासारखे काही नसते आणि ती धाकट्याला सहज जाते. सरकत्या जिन्यावर मात्र मुलांना अशा मऊ सँडलीत अतिशय सांभाळावे, बाजूच्या फटीत ती अडकून अपघात झालेले आहेत. साचलेल्या पाण्यातून जाणे अटळ असेल तर गमबूटच हवेत, कारण पायावर ओरखडा असला तर त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गमबूट रबराचे घ्यावेत. पीव्हीसीचे घोट्याच्या घडीवर चिरतात आणि त्यांना ठिगळ नीट बसत नाही. रबराला सायकलच्या ट्यूबसारखे ठिगळ बसते.

बूट भिजलेच तर आधी गादी आणि नाडी काढावी, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली आडवा ठेवावा. चुलीपाशी किंवा हीटरसमोर ठेवला की गोंद सुटतो.

अबोली

या आठवड्यात मी मुलीचे दोन जोड घेऊन आमच्या चौकातल्या गटई कामगार काकांकडे गेले. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून मिळालेल्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये ते बसतात. काम पाहताना बरेच शिकायला मिळाले, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यांनी सोल सुटलेला कॅनव्हासचा बूट आधी हातात फिरवून पाहिला. मग फटीतले जुने, पिवळे पडलेले सोल्यूशन रापीने खरवडून काढले, दोन्ही बाजू काचकागदाने खरखरीत केल्या आणि ब्रशने पातळ सोल्यूशन लावून बूट बाजूला ठेवून दिला. लगेच चिकटवत का नाही, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, “ताई, बोटाला चिकटायचं थांबलं की मग जोडायचं. ओल्यावर जोडलं तर आठ दिवसांत परत तोंड उघडतं.” जोडल्यावर हातोडीने सगळीकडून ठोकले आणि आरीने कडेने शिलाई मारली. उजव्या चवड्याचे कारण सांगितल्यावर त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा अर्धचंद्राकृती तुकडा कापून तो पुढच्या टोकावर सोल्यूशनने बसवला आणि कडेने शिवला. आता ती पाय घासते तेव्हा ट्यूब झिजते, बूट नाही. तुकडा झिजला की नवा लावून देईन, असे त्यांनी सांगितले आहे.

दुसरा जोड हलक्या फोमच्या सोलचा, ‘इको’ असे छापलेला होता. तो त्यांनी परत दिला. इतक्या मऊ फोममध्ये दोरा ताणला की चिरत जातो, त्यामुळे शिलाई धरत नाही, आणि नुसत्या सोल्यूशनवर मुलाचा बूट टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वेळी नवा बूट घेण्याआधी दाखवायला आणा, शिवता येईल की नाही ते सांगतो, असेही ते म्हणाले. माझ्या मते दुकानातल्या कोणत्याही खोक्यावर याहून उपयोगी माहिती नसते.

त्यानुसार आता असे ठरवले आहे. शाळेसाठी आणि खेळासाठी एकच, रबरी सोलचा, कडेने शिवलेला कॅनव्हासचा जोड मापाने घ्यायचा. बहिणीकडून येणारे सँडल टाच तपासून वापरायचे. पावसाळ्यासाठी एकसंध सँडल. समारंभाचा वेगळा बूट घ्यायचाच नाही.

शुभ्रा

माझ्या मुलाला चालताना दिवे लागणारे बूट हवे आहेत आणि तो ऐकायला तयार नाही. याबद्दल कोणी सांगेल का?

रसायनशाळा

त्या सोलमध्ये बॅटरी आणि सर्किट साच्यातच बंद केलेले असते. बॅटरी संपली की बदलता येत नाही आणि बूट टाकताना ती वेगळी काढताही येत नाही, त्यामुळे बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, ज्या नियमाने वेगळ्या गोळा व्हायला हव्यात, त्या साध्या कचऱ्यात जातात. दिव्याऐवजी अंधारात चमकणारी परावर्तक पट्टी कॅनव्हासवर शिवून द्यावी. शिंप्याकडे किंवा सायकलच्या दुकानात ती मिळते, मुलांना आवडते आणि संध्याकाळी वाहनचालकांना मूल दिसते.

शुभ्रा

छान सुचवले. आणखी एक, अगदीच फाटलेल्या जोडांचे काय करावे?

रसायनशाळा

मुंबईत ग्रीनसोल ही संस्था जुने खेळाचे बूट घेऊन त्यांच्या सोलपासून शाळकरी मुलांसाठी चपला बनवते. वापरण्याजोगे जोड ‘गूंज’सारख्या संस्था स्वीकारतात. पूर्ण फाटलेल्या बुटातली नाडी, गादी आणि बक्कल काढून गटई कामगारांना द्यावेत, त्यांना ते लागतात. उरलेला भाग सुक्या कचऱ्यात, तूर्त दुसरा मार्ग नाही.

डोंगरशाळा

आमच्या शाळेकडे किंवा आपल्या जवळच्या कोणत्याही शाळेकडे जोड पाठवायचे असतील तर तीन गोष्टी कराव्यात. बूट धुऊन पूर्ण वाळवावेत. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधाव्यात, कारण पोत्यात जोड फुटला की दोन्ही बूट निरुपयोगी होतात. आणि आतल्या गादीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून गादीवरच पेनाने लिहावी, कारण छापलेला नंबर कंपनीगणिक वेगळा असतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हा मेच्या अखेरीपर्यंत पोहोचले तर पहिल्या दिवसाआधी मापे लावून ठेवता येतात.